वहिनीच्या सीटखालची पेटी

माझ्या भावाला गावात कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्याला गुण्यामिस्त्री म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोनी हत्यार, दोन फळ्या एकमेकींशी सरळ बसल्यात की नाही ते पाहायचं. आमच्या दादाला खरं तर ते हत्यारही लागत नाही. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार आणि मग "कसं काय, बरं आहे ना?" विचारणार. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला जीभ दाखवायला सांगितली. याने जीभ दाखवली, आत घेतली आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या कपाटाची वरची बिजागरी उतरलीय." दुसऱ्या दिवशी जाऊन ती बसवून आला. औषध मात्र आणायला विसरला.

अशा माणसाची बहीण असणं सोपं नाही. माझं चौकात लॉन्ड्रीचं दुकान आहे, मागे कपडे वाळवायचं अंगण आहे. दादा दुकानात आला की त्याला माझ्या घड्या घातलेल्या चादरी वाकड्या दिसतात. मी इस्त्री उगारते, तेव्हा कुठे बाहेर पडतो.

आमचं गाव तळ्याच्या काठावर, चढउताराचं आणि दमट. त्यामुळे असेल, पण जगातल्या सगळ्या वाईटाचं मूळ एकच, ओल, असं दादाने फार लहानपणीच ठरवून टाकलंय. दार अडकलं, ओल. गुडघा दुखला, ओल. जावई रुसून बसला तर त्याच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला ओल असणार. आणि ओलीवर त्याच्याकडे दोनच उपाय. फट दिसली की बुजवायची, आणि जे फुगलं ते उन्हात वाळवून त्याला रंधा मारायचा. या दोन उपायांवर त्याने आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. त्याने केलेल्या खिडकीतून वाराही आत येताना परवानगी मागतो, असं लोक म्हणतात. ते खरंच आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

माझी वहिनी टपाल वाटायची. गावातली पहिली बाई पोस्टमन. खांद्याला पिशवी लावून सगळं गाव पायी पालथं घालायची. चढावरच्या गल्ल्या, तळ्याकाठची बोटवाल्यांची घरं, कारखान्यामागच्या चाळी, सगळं. तिला कुत्री चावली, गाय मारायला धावली, एकदा तिने लाईटबिल आणलं म्हणून एका आजोबांनी तिच्याशी उभा दावा मांडला. पण टपाल कधी राहिलं नाही. लोक तिला टपालबाई म्हणतात. निवृत्त झाली तरी रोज संध्याकाळी त्याच वाटेने फिरायला निघायची. पत्रं नव्हती, पण हिच्या घरची किल्ली तिच्या घरी, याचा निरोप त्याला, असली टपालं तिच्याकडे सुरूच होती. दादा म्हणायचा, "सरकारने सोडली, पण हिने नाही सोडली नोकरी."

मग ती घरातल्याच उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून घरातल्या घरात ती चालायला लागली, पण गावातले चढ संपले. दादाने तिची खुर्ची खिडकीत ठेवली. पहिले काही दिवस ती रस्त्यावरच्यांशी बोलायची. नंतर नुसती बघायची. नंतर मी गेले की केस विंचरलेले नसायचे. मी म्हणायचे, "वहिनी, ये, वेणी घालून देते." ती म्हणायची, "राहू दे वन्सं, कुठे जायचंय मला?" ज्या बाईला गावातल्या कुत्र्यांचीसुद्धा नावं पाठ, ती आज वार कोणता हेही विचारीनाशी झाली. दिवा मंद होतो तशी ती आमच्या डोळ्यांदेखत मंद होत चालली होती. दादा रात्रंदिवस तिच्या खोलीतल्या फटी बुजवत होता. दुसरं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

गाडी आली ती अशा वेळी. टेकडीवर गोल्फचं मैदान आहे, तिथल्या क्लबच्या खिडक्या दुरुस्त करायला दादा गेला होता. मागच्या शेडमध्ये एक जुनी गोल्फ कार्ट पडलेली, वर छप्पर, पुढे एकच लांब सीट, दार नाही. तिच्या अवजड ॲसिडच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या आणि क्लबवाले तिच्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवायचे. दादाने एकेक खुर्ची खाली काढली, सीटवर हात फिरवला आणि सीट किती उंचावर आहे ते विती टाकून मोजलं. वहिनीला वॉकर सोडून बसायला बरोबर तेवढीच उंची लागते. मजुरीऐवजी तो ती गाडी ढकलत घरी घेऊन आला. उतार होता म्हणून बरं. चौकात माझ्या दुकानाच्या पायरीला येऊन थडकली, ती पायरी अजून फुटकीच आहे.

बॅटरीचं काम बॅटरीवाल्याने केलं. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा दुरुस्त करतो तो. उंच, बारीक आणि इतका हळू बोलणारा, की त्याच्या दुकानात माणसं आपोआप कुजबुजायला लागतात. त्याने ॲसिडच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या घालायचं ठरवलं. निळ्या, चपट्या, विटेएवढ्या. हलक्या असतात, लवकर चार्ज होतात, चढाला दम टाकत नाहीत. त्या ठेवायला सीटखालच्या पोकळीत एक पेटी हवी होती. पेटी म्हटल्यावर दादाचे डोळे चमकले.

त्याने सागवानाची पेटी केली. अशी, की बॅटऱ्या एकमेकींना आणि भिंतींना चिकटून बसल्या, मध्ये केससुद्धा जाणार नाही. बॅटरीवाला आला, त्याने पेटी पाहिली, हळूच म्हणाला, "मिस्त्री, काम सुरेखच आहे. पण जरा ढिली हवी होती. आणि हवेला वाट हवी." मग स्वतःच ड्रिल घेऊन दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि निघून गेला.

दादा त्या भोकांकडे बघत बसला. त्याच्या आयुष्यात त्याच्या कामाला कुणी भोक पाडलं नव्हतं. आणि भोक म्हणजे काय, तर ओलीला आवतण. त्याने त्याच सागवानाची छोटी छोटी बुचं तासली, सरस लावून भोकांत ठोकली, वरून घासून पॉलिश केलं. भोकं कुठे होती ते शोधूनही सापडलं नसतं. बॅटरीवाल्याला त्याने ते सांगितलं नाही. कौतुक व्हावं म्हणून काम करत नाही मी, म्हणाला.

आणि टपालबाई पुन्हा निघाली! पहिल्या संध्याकाळी मी दुकान बंद करून चौकात उभी होते. वहिनीने केस धुतले होते, नीट वेणी घातली होती आणि तिची जुनी पिशवी मांडीवर होती. रिकामी. चढ संपेपर्यंत पिशवी भरली. शिंपिणीने मापाचा ब्लाउज दिला खालच्या गल्लीत पोचवायला, औषधाच्या दुकानदाराने गोळ्या दिल्या, बोटवाल्याच्या म्हातारीने नुसताच हात धरून ठेवला. दादा शेजारी स्टिअरिंग धरून ताठ बसलेला. मला बघून त्याने मान हलवली, जणू काही रोजचंच आहे. मी तोंड फिरवून कुलूप लावायला लागले, कारण मला रडू येत होतं आणि त्याने ते बघितलं असतं तर त्यालाही ओल म्हणाला असता.

असं बरेच महिने चाललं. मग एकदा गाडीत बसल्या बसल्या वहिनी म्हणाली, "अहो, माझे पाय टेकत नाहीत आज. मी उंच झाले का?"

"या वयात?" दादा म्हणाला. त्याने खाली वाकून पाहिलं. सीट बोटभर वर आली होती. त्याने लगेच निदान केलं. आठवडाभर धुकं होतं, सीटखालचं प्लायवूड फुगलं. सीट काढली, खालच्या कडेला रंधा मारला, बसवली. वहिनीचे पाय टेकले. थोड्या दिवसांनी पुन्हा सीट वर. पुन्हा रंधा. तिसऱ्यांदा त्याने पेटीचं झाकण उघडलं, तर ते झाकणच मधून वर आलं होतं. आत बघतो तर बॅटऱ्यांची पोटं फुगलेली. सगळ्या एकमेकींना रेटून बसलेल्या, बाहेर काढायला पटाशी घालावी लागली.

मी तेव्हा इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते. दादा मला बोलावून म्हणाला, "हे बघ. ओल! एवढी घट्ट पेटी केली, तरी शिरली कुठून तरी."

मी दिवसभर लोकांच्या कपड्यांतली ओल काढते. मला ओल कळते. त्या बॅटऱ्या खडखडीत कोरड्या होत्या. मी म्हटलं, "दादा, ही ओल नाही. माझ्या जुन्या फोनचं पोट असंच फुगलं होतं. फोनवाल्याने तो चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकला आणि मला म्हणाला, बाई, हा उशाशी घेऊन झोपत होतात?"

"तू फोन इस्त्रीच्या वाफेत ठेवतेस," दादा म्हणाला. "फुगणारच तो. ओल!"

"बॅटरीवाल्याला तरी विचार."

"विचारायचं काय त्यात? फुगलेलं मी आज बघतोय का?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं. त्याने बॅटऱ्या दिवसभर छपरावर उन्हात ठेवल्या. पेटी आतून तासून ऐसपैस नाही, फक्त फुगलेल्या पोटांपुरती मोठी केली. सांध्यांत मेण भरलं. संध्याकाळी गाडी सुरू झाली, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला ती फुटकी पायरी उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

मी वहिनीला गाठलं. म्हटलं, तू तरी सांग त्याला. तुझ्या बुडाखाली आहे ते सगळं. तिने माझा हात धरला. "वन्सं, तुम्ही बॅटरीवाल्याकडे जाऊ नका," म्हणाली. "तो बंद करा म्हणेल. गाडी बंद झाली की मी परत त्या खिडकीत. तिथे मी कशी होते ते तुम्ही पाहिलंय ना?" पाहिलं होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि रोज संध्याकाळी गाडी समोरून गेली की इस्त्री बाजूला ठेवून रस्त्याकडे बघत राहायचे. गाडी तळ्याच्या वळणावरून परत वर आली की जिवात जीव यायचा.

एके दिवशी टळटळीत दुपारी गाडी निघाली. वरच्या गल्लीतल्या बाळंतिणीला कुठलंसं औषध पोचवायचं होतं, संध्याकाळपर्यंत थांबायला वहिनी तयार नव्हती. चढ अर्धा झाला आणि गाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. मी बाहेर आले. वहिनी नाक वर करून वास घेत होती. "वन्सं, कुणी नखांचा रंग पुसतंय का इथे?"

मलाही वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा. माझ्या दुकानात नखं रंगवणारं कुणी नाही. मी सीटला हात लावला, ती गरम होती. मग मी दादाचं काही ऐकलं नाही. वहिनीला दोन्ही काखांत हात घालून खाली उतरवलं, दुकानात खुर्चीवर बसवलं, औषधाची बाटली शेजारच्या पोरीच्या हाती वर धाडली आणि चपला न घालता बॅटरीवाल्याकडे पळाले. दादा मागून ओरडत होता, "एवढं काय झालंय? जरा वाळल्या की निघतो!"

बॅटरीवाला हातातलं काम टाकून आला. आम्ही दुकानाच्या मागच्या अंगणात शिरलो, तर माझ्या भावाने तिथे काय करून ठेवलं होतं? दोन खुर्च्यांवर, गाडीत कायम बरोबर असणारी त्याची लाडकी सागवानी फळी आडवी टाकली होती, आणि तिच्यावर, माझ्या धुतलेल्या पांढऱ्या चादरींच्या मध्ये, रणरणत्या उन्हात, त्या बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या. अगदी सरळ रेषेत. वर एकेकीवर बोट दाबून बघत होता, वाळली का.

त्या हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मिस्त्री! हात काढा! मागे व्हा!"

दादा दचकून मागे झाला. बॅटरीवाल्याने माझ्या अंगणातला लोखंडी पिंप ओढला, कोपऱ्यातली बांधकामाची वाळू त्यात ओतली, जाड हातमोजे चढवले आणि लांब चिमट्याने एकेक बॅटरी उचलून वाळूत पुरायला लागला. आम्हाला भिंतीपर्यंत मागे हटवलं होतं. शेवटची राहिली होती तेव्हा ती फुसफुसली. तो चिमटा टाकून उडी मारून बाजूला झाला. पांढरा धूर आला आणि पाठोपाठ ज्वाळा. साधी ज्वाळा नाही, पिचकारीसारखी, आवाज करत बाहेर येणारी. माझ्या दोन चादरी बघता बघता पेटल्या. मी पाण्याची बादली घेऊन त्या विझवल्या, बॅटरीवाला वाळू फेकत राहिला, आणि ती विटेएवढी वस्तू विझायचं नाव घेईना.

शेवटी विझली. कुणालाही लागलं नव्हतं. दादा फळीपाशी गेला. जाड सागवान, त्याच्या गुरूने त्याला दिलेली फळी. तिला आरपार भोक पडलं होतं, कडा कोळसा झालेल्या. बॅटरीवाला त्याला काही समजावत होता, गॅस, उष्णता, असं काहीतरी. त्याची गरज नव्हती. लाकडाची भाषा दादाला कळते. त्याने भोकात हात घालून पाहिला. मग दुकानातून पुढे रस्त्यावर गेला, गाडीच्या सीटवर जिथे वहिनी बसते तिथे तळवा ठेवला, आणि थोड्या वेळाने रस्त्यातच खाली बसला. माझा दादा. मी त्याला पाणी दिलं, तर पेला त्याने न पिताच बाजूला ठेवला.

"कधीपासून बसवतोय मी तिला त्याच्यावर," एवढंच म्हणाला.

मग वाईट दिवस आले. दादाने गाडीवर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीने आवळली. भंगारवाल्याला सांगून ठेवलं. कामावर जाईना. वहिनी पुन्हा खिडकीत. एकदा दादा माझ्याकडे आला, समोरच बसला, आणि माझ्या दुकानातलं कॅलेंडर एका खिळ्यावर तिरकं लोंबत होतं, तरी त्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. चादरी जळाल्या त्याची नव्हती वाटली एवढी.

मी त्याला बोलले नाही. त्याला बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बॅटरीवाल्याला धरून त्यांच्या घरी नेलं, वहिनीनेच तसा निरोप पाठवला होता. आम्ही गेलो तर ती वॉकर धरून दारात उभी. केस विंचरलेले. दादा पलंगाच्या काठावर.

"बसा," ती बॅटरीवाल्याला म्हणाली, "आणि मला सांगा, चुकलं काय?"

त्याने दादाकडे बघत नेहमीच्या आवाजात सांगितलं, "हवेची भोकं बुजवली होती, वहिनी. आत तापत गेल्या. तापून आत गॅस धरला, म्हणून फुगल्या. त्यात ऊन दाखवलं. मीही परत येऊन बघायला हवं होतं. माझंही चुकलंच."

"नव्या बॅटऱ्या घातल्या तर?"

"घालता येतील. तापल्या की आपोआप बंद पडायची सोय करून देईन. पण पेटी ढिली हवी. आतून पत्रा लावून, चारी बाजूंनी बोटभर मोकळी. आणि भोकं उघडी."

वहिनी दादाकडे वळली. "अहो, ढिली पेटी येईल का करता?"

"गाडी भंगारात जाणार," दादा म्हणाला.

"मी ते नाही विचारलं. ढिली पेटी येईल का?"

"मला ढिलं काम येत नाही."

"शिका मग. मी नाही दुसऱ्यांदा चालायला शिकले?"

दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "अगं, त्या फळीचं काय झालं पाहिलंस ना? तू बसली होतीस त्याच्यावर. रोज. मी बसवत होतो."

"आणि तुम्ही कुठे होता? शेजारीच होता ना? मी काय एकटी जाणार होते?" वहिनीचा आवाज चढला. टपाल वाटणारीचा आवाज, तीन माळे चढून जाणारा. "कुत्रं चावलं म्हणून मी एका दिवसाचं टपाल ठेवलं नाही. तुम्ही मला जपून जपून या खुर्चीत ठेवणार, आणि मी इथे बसून बसून मरणार. त्यापेक्षा ती आग बरी, निदान रस्त्यात तरी आहे!"

बॅटरीवाला आपल्या बुटांकडे बघत होता. मग दादा उठला, आणि मी शपथेवर सांगते, जाता जाता त्याने भिंतीवरची तसबीर सरळ केली.

पेटी करायला त्याला पहिल्या पेटीच्या दुप्पट वेळ लागला. बाहेरून लाकूड, आतून पत्रा, मध्ये वाळूचा थर. बोटभर फट मोजायला त्याने वहिनीच्या बोटाचं माप घेतलं होतं, माझं जाड आहे म्हणे. भोकं पाडताना मी हजर होते. आपल्याच कामाला भोक पाडताना त्याचा चेहरा असा झाला होता, जणू दाढ काढतायत. पण पाडली. एक नाही, ओळीने पाडली, आणि बूच तासायला बसला नाही. बॅटरीवाल्याने नव्या बॅटऱ्या बसवल्या. दादाने त्याला विचारलं, "मी रोज उघडून बघितलं तर चालेल?" तो म्हणाला, "बघा की. फक्त वाळत घालू नका."

पहिल्या संध्याकाळी गाडी चौकात आली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. गाडी वाकडी होती. दादाच्या बाजूला चांगली कललेली. गुण्यामिस्त्रीची गाडी आणि कलती! औषधवाला दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "मिस्त्री, टायरमधली हवा बघा." दादा म्हणाला, "हवा बरोबर आहे." शिंपीण म्हणाली, "मग स्प्रिंग गेली असेल." दादा म्हणाला, "स्प्रिंग ठीक आहे. तुम्ही तुमचं काम बघा."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नसताना मी त्याच्या अंगणात जाऊन सीट उचलली. सगळी पेटी, वाळू, पत्रा, लाकूड, बॅटऱ्या, सगळं वजन त्याच्या बाजूला. मधोमध एक जाड लोखंडी पडदा. आणि वहिनीच्या बाजूला काहीच नाही. नुसती रिकामी, रंधा मारलेली जागा, भुसासुद्धा झाडून काढलेला.

"वायरी तशा आल्या," दादा मला म्हणाला.

मी बॅटरीवाल्याला विचारलं. तो हळूच म्हणाला, "ताई, मी मधोमध ठेवा म्हटलं होतं. आग लागलीच, तर एवढ्याशा अंतराने फरक पडत नाही, हेही सांगितलं होतं. ऐकलं नाही त्यांनी." मी म्हटलं, "नाही ऐकायचा." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आयुष्यभर काटकोन सांभाळलेला माझा भाऊ आता रोज सगळ्या गावासमोर तिरका बसून जातो, लोक हसतात, आणि तो काटकोनाबद्दल चकार शब्द काढत नाही. मी खूप भांडलेय त्याच्याशी, पुढेही भांडेन. पण त्या रिकाम्या जागेवर सीट परत ठेवताना मला वाटलं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

वहिनीला हे कुणी सांगितलं नाही. पण जिने आयुष्यभर पाकीट न उघडता आतली बातमी ओळखली, तिला सांगायचं काय? परवा गाडी दुकानासमोरून गेली तेव्हा मी नीट पाहिलं. वहिनी आपल्या बाजूला नव्हतीच. तिची पिशवी होती तिथे, एकटी. वहिनी सरकून दादाला खेटून बसली होती, लोखंडी पडद्याच्या पलीकडे, थेट पेटीवर.

"गाडीच कलतेय, वन्सं," ती मला ओरडून म्हणाली. "घसरते मी. काय करू?"

दादा तिला सारखा "तिकडे सरक" म्हणतो. ती "हो" म्हणते आणि तिथेच बसते.